भिंत वाजवून पाहा

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की घरात पहिला वाद सोफ्याच्या रंगावरून होतो आणि दुसरा टीव्ही किती इंची घ्यायचा यावरून. दोन्ही वाद निरुपद्रवी. सोफा नाही आवडला तर विकता येतो, टीव्ही तर काही वर्षांनी बदलावाच लागतो. गिझरसाठी भिंतीत किती जाडीची वायर घातली आहे, बाथरूमचं पाणी कुठल्या कोपऱ्याकडे धावतं, ओटा कोणाच्या उंचीला धरून बांधलाय, पश्चिमेच्या भिंतीचं मे महिन्यात काय होतं, यांवरून मात्र कुणी भांडत नाही. या गोष्टी ठेकेदार ठरवतो, नाहीतर कुणीच न ठरवता होऊन जातात. त्यांच्याशी जमवून घेण्यात पुढची वीस वर्षं जातात.

म्हणून घर लावण्याचा क्रम उलटा धरावा. फोडल्याशिवाय जे बदलणार नाही ते आधी, सुताराला बोलावून बदलता येईल ते त्यानंतर, आणि दुकानातून उचलून आणायचं ते सगळ्यांत शेवटी. इंटिरियरवाल्यांच्या थ्रीडी चित्रांतून हा क्रम कळत नाही. चित्रात वायर दिसत नाही, उतार दिसत नाही, आणि ऊन नेहमी सकाळचं असतं.

किल्ली हातात आली की करायचं पहिलं काम फुकटातलं आहे. रिकाम्या घरात फिरून प्रत्येक भिंत बोटांच्या पेरांनी ठोकून पाहायची. बोटं दुखली आणि आवाज ठणठणीत आला तर ती काँक्रीटची. आवाज बोदा, पोकळसर आला तर हलक्या ब्लॉकची. वाकड-हिंजवडीकडे, ठाण्याच्या घोडबंदर रोडला किंवा पनवेलच्या आसपास आज जे उंच टॉवर उभे राहतात त्यांतले कितीतरी मायवान पद्धतीने बांधलेले असतात. मायवान हे साचे पुरवणाऱ्या कंपनीचं नाव, आता पद्धतीलाच चिकटलं. ॲल्युमिनियमचे साचे लावून स्लॅब आणि भिंती एकाच दमात काँक्रीटमध्ये ओततात. विजेच्या नळ्या, बोर्डाचे डबे हे सगळं काँक्रीट पडण्याआधीच सळ्यांना बांधून ठेवलेलं असतं. बांधकाम झटपट होतं, भिंती सरळ येतात, प्लास्टरचा खर्च वाचतो. पण यातली जवळजवळ प्रत्येक भिंत इमारतीचा भार उचलते. तिच्यात छिन्नी चालवून नवी वायर नेणं म्हणजे सळई उघडी पाडणं. बिल्डरही ते करू देत नाही आणि सोसायटीही, आणि त्यांचं बरोबर आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की मायवानच्या घरात पलंग कुठे ठेवायचा हे तुम्ही घर बुक करता त्या दिवशी ठरलेलं असतं. ज्यांचं बांधकाम अजून चालू आहे त्यांनी आपल्या मजल्याचा स्लॅब पडण्याआधी विजेच्या पॉइंटांचा नकाशा मागून घ्यावा. तो देतात, मागणारे थोडे. घर तयारच मिळालं असेल तर नव्या पॉइंटासाठी वायर कपाटाच्या पाठीमागून, फॉल्स सीलिंगच्या वरून किंवा भिंतीवर लाकडी पॅनेल लावून त्याच्या आडून न्यावी लागते. फॉल्स सीलिंगबद्दल माझं मत एरवी फारसं चांगलं नाही. नऊ-साडेनऊ फुटांच्या छतातले सहा इंच खाऊन ते खोली बुटकी करतं. मायवानच्या घरात मात्र त्याला खरंच काम असतं, तेही खोलीभर नाही. वायर जाईल एवढी कडेची पट्टी पुरते.

हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीची अडचण नेमकी उलटी. तिला खाच पाडणं सोपं, पण तिच्यात साधा खिळा जड भार पेलत नाही. हा ब्लॉक आतून स्पंजसारखा हवेच्या बारीक पोकळ्यांनी भरलेला असतो, म्हणूनच तो विटेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा हलका असतो. फोटोफ्रेम टिकेल. पण स्वयंपाकघरातली ताटं-डब्यांनी भरलेली वरची कपाटं, बाथरूममधला पाणी भरलेला गिझर, आजोबांना धरून उठायची दांडी, यांना लांब नायलॉन अँकर किंवा भिंतीतून आरपार नेलेला बोल्ट लागतो. जड काय कुठे टांगणार हे प्लास्टर होण्यापूर्वी माहीत असेल तर गवंडी तेवढ्या जागी काँक्रीटचा पट्टा देऊ शकतो. नंतर फक्त हळहळ उरते.

भिंतीचा उन्हाशीही संबंध आहे. काँक्रीटमधून उष्णता विटेच्या साधारण दुप्पट सहजतेने आत येते, आणि एएसी ब्लॉकमधून तिला यायला काँक्रीटच्या आठ-दहा पट कष्ट पडतात. सहा इंची काँक्रीटची भिंत पश्चिमेला असेल तर दुपारभर तापून ती रात्री दहा-अकरापर्यंत आत उष्णता सोडत बसते. त्या भिंतीला डोकं करून पलंग ठेवला तर एसीचं बिल वाढतं. कपाट तिथे जावं, पलंग समोर.

खिडक्यांचं गणित थोडं सविस्तर पाहण्यासारखं आहे, कारण ते आपल्या अक्षांशाचं आहे. परदेशी मासिकातलं इथे चालत नाही. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला. मेच्या मध्यात आपण शून्य सावली दिवस पाहतो, म्हणजे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर. २१ मार्चच्या सुमारास तो भर दुपारी क्षितिजापासून सुमारे ७१ अंशांवर असतो, डिसेंबरअखेरीला ४८ अंशांवर. आता दक्षिणेला चार फूट उंचीची खिडकी आणि तिच्यावर दीड फुटाचा छज्जा धरा. मार्चमधल्या त्या दुपारी छज्ज्याची सावली सव्वाचार फुटांच्या वर पडते, खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात सावली दीड फुटाच्या थोडी खाली येऊन थांबते आणि उरलेल्या खिडकीतून ऊन थेट लादीवर. थंडीत हवं तेव्हा मिळतं, उन्हाळ्यात नको तेव्हा थांबतं. दक्षिणेच्या खिडकीला उगाच नावं ठेवतात.

आता तोच छज्जा पश्चिमेला लावा. मेच्या मध्यात संध्याकाळी पाचला सूर्य पश्चिमेला जेमतेम २६ अंशांवर असतो. दीड फुटाच्या छज्ज्याची सावली पाऊण फूट पडते. चार फुटांच्या खिडकीतले सव्वातीन फूट सरळ उघडे. इथे छज्जा कितीही वाढवून उपयोग नाही; उभा आडोसाच लागतो. बाल्कनी, बांबूची चिक, बाहेरच्या बाजूने लावलेली जाळी, काहीही, पण काचेच्या बाहेर. आतला जाडजूड पडदा उजेड अडवतो, उष्णता नाही, कारण ऊन काचेतून आत येऊन पडद्याला तापवून मोकळं झालेलं असतं.

मुंबईत तर पश्चिमेचा पेच आणखी अवघड. समुद्राचा वारा तिकडून, देखावा तिकडे, आणि भाजणारं ऊन व आडवा पाऊसही तिकडूनच. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८३ साली पूर्ण झालेल्या पेडर रोडजवळच्या कांचनजंगा इमारतीत हा पेच सोडवला तो जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याकडे पाहून. तिथल्या घरांच्या कोपऱ्यात दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या कोरून काढल्या आहेत. ऊन-पाऊस तिथेच थकतो आणि वारा तेवढा आत येतो. आपल्या टू बीएचकेला एवढी चैन नाही. पण चार फुटांची बाल्कनी तेच काम छोट्या प्रमाणात करत असते, आणि ती काचेने बंद करून हॉलमध्ये घेण्याचा मोह जवळजवळ प्रत्येक घराला होतो. चाळीस चौरस फूट मिळतात आणि घराची छत्री जाते. परवानगीचा प्रश्न वेगळाच.

विजेचं काम सुरू होतं तेव्हा इलेक्ट्रिशियन खडू घेऊन भिंतीपाशी उभा राहतो आणि विचारतो, "ताई, पॉइंट कुठं देऊ?" बहुतेक ताई आणि दादा या प्रश्नाला तयार नसतात. "नेहमी देता तिथेच द्या," असं उत्तर जातं. नेहमीचं म्हणजे दारामागे एक बोर्ड आणि पलंगाच्या मागे एक. मग मोबाइल चार्जिंगला एक्स्टेंशन, मिक्सर आणि इंडक्शन एकाच बोर्डावर, पाणी शुद्ध करायच्या यंत्राची वायर ओट्यावरून लोंबती. या प्रश्नाआधी एका संध्याकाळी सगळ्यांनी बसून सकाळपासून रात्रीपर्यंत कोण कुठे काय लावतं याची उजळणी करावी. गणपतीची जागाही त्यातच धरावी. मराठी घरात दीड दिवस का होईना, बाप्पा येतात. त्यांच्या मखराला माळांसाठी पॉइंट लागतो, आणि तो टीव्हीच्या मागे असला तर दरवर्षी सोफा हलवून, वायर ओढून तीच कसरत.

किती अँपिअरचं सॉकेट कुठे, हे साध्या भागाकाराने निघतं. वॉट भागिले २३०. दोन हजार वॉटच्या गिझरला पावणेनऊ अँपिअर लागतात, म्हणजे सहा अँपिअरच्या लहान सॉकेटचं ते काम नाही. इंडक्शनचंही तेच. मायक्रोवेव्ह अगदी काठावर, म्हणून त्यालाही मोठं. मिक्सर दोन-तीन अँपिअरचा, त्याला लहान पुरतं. मोठ्या सॉकेटला अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि एसीला शक्यतो चारची, हे इलेक्ट्रिशियनला वेगळं सांगावं लागू नये. तरी सांगावं, आणि गुंडाळ्यावरचं लिहिलेलं वाचावं. डीबीत, म्हणजे विजेच्या मुख्य पेटीत, एमसीबी असतातच. त्यांचं काम वायर जळू न देणं. माणसाला वाचवते ती आरसीसीबी. वीज गळून अंगातून जमिनीत जाऊ लागली की ३० मिलिअँपिअरला ती तोडते. ती नसेल तर घरातला एक पडदा कमी घ्या आणि ती बसवा.

काम झाकलं जाण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा, शेजारी टेप धरून. पाण्याचे नळ, विजेच्या नळ्या, सगळं. भिंतीत ड्रिल करताना नळाची लाइन फुटण्यासारखा मनस्ताप दुसरा नाही, आणि तो टाळायला मोबाइलमधले चार फोटो पुरतात.

स्वयंपाकघरात आपण ट्रॉल्यांच्या रंगावर जितका वेळ घालवतो त्याचा दहावा हिस्सासुद्धा ओट्याच्या उंचीवर घालवत नाही. ओटा दगडाचा असतो, तो एकदा बसला की बसला. आधुनिक स्वयंपाकघराचं मूळ जिथे सांगतात ते फ्रँकफुर्टचं. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकार बाईंनी तिथल्या नव्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. आकार १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे सत्तरएक चौरस फूट; आपल्या टू बीएचकेत हल्ली मिळतं साधारण तेवढंच. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं किचन पाहून, घड्याळ लावून, बाईची पावलं मोजून त्यांनी प्रत्येक फळी, प्रत्येक खण ठरवला. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं फ्रँकफुर्टमध्ये बसली. त्यावर एक तक्रार लगेच आली आणि ती आजही ऐकण्यासारखी आहे: त्यात दुसऱ्या माणसाला उभं राहायला जागा नव्हती. एकटीने काम करायचं हे गृहीत होतं. आपल्याकडे सासू भाजी फोडणीला टाकते आणि सून पोळ्या लाटते, किंवा नवरा भांडी घासतो आणि बायको डबे भरते. समोरासमोर दोन ओटे असतील तर मधली वाट साडेतीन फुटांपेक्षा कमी नको, नाहीतर खालची ट्रॉली उघडली की रहदारी बंद.

उंचीचं सूत्र सोपं आहे. पायात नेहमीची चप्पल असेल तर चप्पल घालून सरळ उभं राहायचं, हात कोपरात दुमडायचा आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली खूण करायची. ओट्याची वरची पातळी तिथे. पाच फूट उंचीच्या बाईसाठी ती साधारण ३२ ते ३४ इंचांत येते, साडेपाच फुटांच्या माणसाला ३६ लागतात. पण मराठी स्वयंपाकात एक खास भानगड आहे. गॅसची शेगडी ओट्यावर ठेवली की ती चार-पाच इंचांनी वर येते आणि त्यावर कढई. खोल पातेल्यात डोकवायला टाचा उंचावाव्या लागत असतील तर शेगडीखालचा ओटा दोन-तीन इंच खाली घ्यावा. पोळ्या लाटण्याचं गणित आणखी वेगळं. भाजी चिरताना मनगट चालतं, लाटताना खांद्याचा भार खाली द्यायचा असतो. पोळपाटही ओट्यावर दीड-दोन इंच उंच. ओटा उंच झाला तर खांदे कानाला लागतात आणि वीस पोळ्यांनंतर मान धरते. उलट सिंकचा तळ ओट्याच्या पातळीच्या आठ इंच खाली असल्याने तिथे ओटा दोन इंच वर हवा, नाहीतर भांडी घासताना कंबर वाकते. तीन वेगळ्या पातळ्या दिसायला कदाचित ठीक वाटणार नाहीत. निदान घरात जास्तीत जास्त वेळ स्वयंपाक करणाऱ्या माणसाला रिकाम्या फ्लॅटमध्ये नेऊन, विटांवर फळी ठेवून, पोळपाट-लाटणं हातात देऊन उंची ठरवावी. गवंडी हसेल. हसू द्या.

गॅसबाबत एक गोष्ट नकाशातच ठरते. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी हवी. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो. म्हणून वर हवा जायला वाट हवी. ट्रॉलीवाले दोन्हीकडे छान गुळगुळीत शटर बसवून मोकळे होतात. आणि वायू कोणताही असो, बंद करायच्या चावीपर्यंत डबे न काढता हात पोचला पाहिजे.

साठवणीचा विचार करताना कॅटलॉग बाजूला ठेवून घरातलं सामान मोजावं. गव्हाचं पिंप, वर्षाचे तांदूळ-डाळी भरणारं घर असेल तर मोठे डबे, घरघंटी, उन्हाळ्यातल्या कुरडया-पापडांचे डबे, कांदे-बटाट्यांना हवेशीर जागा, परात, मोठं पातेलं जे वर्षातून चारदा निघतं. त्यातलं रोज काय लागतं ते कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात, आठवड्याचं खाली, वर्षाचं माळ्यावर. झाडू, पोछा, बादली आणि इस्त्रीचं टेबल यांना कुणीच जागा देत नाही, म्हणून ती दारामागे राहतात. पाऊस चार महिने पडणाऱ्या गावात कपडे कुठे वाळणार हाही प्रश्न नकाशावर विचारावा. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवलं की दोरीला जागा उरत नाही, मग छताला ओढून घ्यायच्या दांड्या हव्यात, आणि त्यांचे हूक पुन्हा भिंत-छताच्या प्रश्नाशी येतात.

बाथरूममध्ये सगळं मोल उताराला. गवंड्यांच्या भाषेत फुटाला एक सूत, म्हणजे एक अष्टमांश इंच. सुमारे शंभराला एक. त्याहून कमी असेल तर पाणी साचतं, फार जास्त असेल तर पाय घसरतो. लादी बसली की एक बादली ओतून पाच मिनिटं पाहायचं, पाणी कुठे थांबतं. वॉटरप्रूफिंगची परीक्षा त्याआधीची: जाळीचं तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी एक-दोन दिवस भरून ठेवायचं आणि खालच्या मजल्याचं छत बघायचं. खालच्यांशी ओळख करून घ्यायला हे निमित्त बरं. लादी मॅट हवी, गुळगुळीत नको. दुकानात चमकदार लादीच जास्त देखणी दिसते, पण दुकानात ती कोरडी असते. बाथरूमचं दार बहुतेक इमारतींत अडीच फुटांचं. चौकट आणि दाराची जाडी वजा केली की चाकाची खुर्ची कशीबशी जाते किंवा जातच नाही. आज घरात सगळे धडधाकट असले तरी ही गोष्ट आज पाहायची, कारण विटेच्या भिंतीतली चौकट रुंद करणं आत्ता सोपं आहे. मायवानमध्ये तेही नाही.

आता सुतार. पुण्या-सातारच्या वाड्यांत भिंती दीड-दोन फूट जाड असायच्या आणि त्यांच्याच पोटात फडताळं, कोनाडे, दिवळ्या बसायच्या. सामान भिंतीत, माणसं जमिनीवर, आणि फर्निचर म्हणावं तर पाट, चौरंग, एखादा झोपाळा. आजच्या भिंती चार ते सहा इंचांच्या. फडताळ भिंतीतून निघून खोलीत आलं आणि खोली आक्रसली. दहा बाय अकराची बेडरूम घ्या. दहा फुटांच्या भिंतीला कपाट केलं. हँगरवरचे कपडे मावायला त्याची खोली दोन फूट लागतेच. उरली दहा बाय नऊ. किंग साइझ म्हणजे सहा फूट रुंद पलंग नऊ फुटांच्या बाजूला डोकं करून लावला तर उरतात तीन फूट. कपाटाचं उघडणारं दार आणि त्यासमोर उभा माणूस यांतच ते संपतात, म्हणजे पलंग दुसऱ्या बाजूने भिंतीला टेकणार. भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून. पाच फुटांचा पलंग घेतला तर कपाटापुढे अडीच फूट आणि पलीकडे दीड फूट वाट मिळते. एका फुटासाठी खोलीचा स्वभाव बदलतो. वर्तमानपत्रं जमिनीवर पसरून, चिकटपट्टीने पलंगाचा आकार आखून एकदा त्याभोवती चालून पाहावं. आणि कपाट घरातच बनवणार नसाल तर लिफ्टचंही माप घ्यावं.

प्लायवूडमध्ये फसवणुकीला जागा मोठी, म्हणून दोन आकडे पाठ असावेत. आयएस ३०३ आणि आयएस ७१०. पहिल्यात एमआर हा साधा, दमटपणा सोसणारा, आणि बीडब्ल्यूआर हा उकळत्या पाण्याला तोंड देणारा असे दोन प्रकार. दुसरा मरीन, त्याचा डिंक ७२ तास उकळूनही सुटू नये अशी कसोटी असते. सगळं घर मरीनमध्ये करा असं सांगणाऱ्याचा त्यात फायदा असतो. सिंकखाली, बाथरूमच्या दाराशी, ओट्याच्या ट्रॉल्यांना मरीन. बेडरूमच्या कपाटाला चांगला एमआर पुरतो, मात्र बाहेरच्या भिंतीला कपाट अगदी चिकटवू नये. कोकणात आणि मुंबईत नैर्ऋत्येच्या पावसाने भिंत ओली होते आणि कपाटाच्या पाठीला बुरशी धरते. दीड-दोन इंच हवा खेळती ठेवावी. स्वस्त एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पाण्यापासून दूर असेल तोवर बरा. एकदा कड फुगली की परत बसत नाही. मापाची पद्धतही आधी ठरवून घ्यावी. कपाटाचे पैसे बहुतेक ठिकाणी समोरच्या चौरस फुटावर लागतात, आत किती ड्रॉवर यावर वेगळे, आणि "ते धरलं नव्हतं साहेब" हे वाक्य काम अर्धं झाल्यावरच ऐकू येतं.

प्लाय, एमडीएफ आणि त्यांना लागणारे डिंक यांतून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू सुटत राहतो. नव्या घरात डोळे चुरचुरतात ते बव्हंशी त्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. घाबरून जायचं कारण नाही, पण बोर्डावर ई-वन किंवा ई-झिरो असा उत्सर्जनाचा दर्जा आहे का हे विचारावं, कडा पट्टीने बंद कराव्यात आणि सुताराने हात धुतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी तान्ह्या बाळाला घेऊन राहायला जाऊ नये. कपाटं उघडी टाकून, खिडक्या सताड ठेवून काही आठवडे घराला श्वास घेऊ द्यावा. वास्तुशांतीचा मुहूर्त गाठायच्या नादात हीच सुट्टी कापली जाते.

दिव्यांत आपण वॉट मोजतो, मोजायचं असतं ल्युमेन. नऊ वॉटचा एलईडी साधारण नऊशे ल्युमेन देतो. रंग केल्व्हिनमध्ये: २७०० ते ३००० पिवळट, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. ट्यूबलाइटच्या सवयीने आपण सगळीकडे ६५०० लावतो आणि घर बँकेसारखं दिसतं. अभ्यासाला आणि ओट्याला ४०००, झोपायच्या खोलीला ३०००, आणि ओट्यावर उजेड वरच्या कपाटाच्या खालच्या कडेला. छताचा दिवा पाठीमागे असला की चिरताना आपलीच सावली विळीवर पडते. पंखा घेताना बीएलडीसी घ्यावा. जुना ७५ वॉट खातो, हा तिसेक. रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६० युनिटं वाचतात. छताच्या पंख्यांना स्टार लेबल २०२३पासून सक्तीचं झालं आहे, तेव्हा तुलना करणं अवघड नाही.

राहता राहिला कागदाचा भाग. २०१६च्या रेरा कायद्याच्या चौदाव्या कलमात एक तरतूद आहे जी घर लावताना विसरली जाते. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष निघाला आणि तुम्ही तो कळवला, तर बिल्डरने ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. गळती, तडे, उखडलेली लादी हे सगळं त्यात बसतं. म्हणून ताबा घेताना, एकही खिळा मारण्याआधी, घर फिरून दोषांची यादी लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. कारण बाथरूमची लादी तुम्ही बदललीत, हॉलची भिंत पाडलीत आणि मग सहा महिन्यांनी खालच्यांचं छत गळू लागलं, तर बिल्डरचा पहिला प्रश्न असतो, "काम कोणी केलं?" आणि तुमच्या गवंड्याचा फोन तोवर लागत नसतो.